जुन्या मोटारीतील परिवर्तक

मोटारीचे बहुतेक दोष मालकाला स्वस्थ बसू देत नाहीत. ब्रेक ढिला पडला की काळजाचा ठोका चुकतो; बॅटरी उतरली की सकाळी कचेरीची वेळ टळते; चाकातली हवा गेली की गाडी जागची हलत नाही. या दोषांचा ताप ज्याला होतो, दुरुस्तीचा खर्चही तोच करतो, आणि म्हणूनच ती दुरुस्ती सहसा होते. परंतु मोटारीत एक भाग असाही आहे की, तो निकामी झाला तरी मालकाला महिनोन्‌महिने त्याचा पत्ता लागत नाही. त्रास होतो तो मागून येणार्‍या स्कूटरस्वाराला, रस्त्याच्या कडेला शाळेच्या बसची वाट पाहणार्‍या मुलांना आणि चौकात दिवसभर उभ्या राहणार्‍या पोलिसाला. खर्च एकाने करायचा आणि लाभ दुसर्‍याला व्हायचा, अशी ही विषम वाटणी आहे. या भागाचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मराठीत त्याला उत्प्रेरक परिवर्तक म्हणता येईल. गॅरेजमधले मिस्त्री त्याला नुसते ‘कॅट’ म्हणतात. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या पेट्रोल मोटारीचा परिवर्तक बिघडू लागला तर काय करावे, हा प्रश्न आज अनेक घरांत उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा भाग करतो तरी काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

परिवर्तक मोटारीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान धुराच्या नळीत बसवलेला असतो. पुष्कळ मोटारींत तो इंजिनाला अगदी खेटून असतो. बाहेरून पाहता तो पोलादी पत्र्याचा एक फुगीर डबा दिसतो. आत मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असते. चिनी मातीच्या जातीच्या, उष्णता सोसणार्‍या पदार्थाचा एक ठोकळा आणि त्यातून आरपार गेलेली हजारो बारीक छिद्रे. एका चौरस इंचात अशी चारशे छिद्रे असणे ही सामान्य गोष्ट आहे. छिद्रांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत लेप दिलेला असतो, आणि त्या लेपावर प्लॅटिनम, पॅलाडियम व र्‍होडियम या मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. सगळे मिळून वजन अवघे काही ग्रॅम. पण लेपाच्या खडबडीतपणामुळे वायूंना स्पर्श करणारा पृष्ठभाग कित्येक हजार चौरस मीटर होतो.

या डब्याला धुराची गाळणी समजणे ही सार्वत्रिक चूक आहे. गाळणी घाण अडवून धरते आणि भरली की झटकून साफ करता येते. परिवर्तक काहीच अडवून धरत नाही. तो एक भट्टी आहे. इंजिनातून विषारी कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याचा तो कार्बन डायऑक्साइड करतो. अर्धवट जळालेल्या पेट्रोलाचे अंश येतात, त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतो. नत्राची ऑक्साइडे येतात, त्यांतला प्राणवायू काढून घेऊन निरुपद्रवी नत्र मोकळा करतो. ही तिन्ही कामे तो स्वतः न झिजता करतो, आणि हेच उत्प्रेरकाचे लक्षण आहे. मंगलकार्यात वधू-वरांची गाठ घालून देऊन मध्यस्थ जसा बाजूला होतो, तसे हे धातुकण रेणूंची गाठ घालून देतात आणि पुढच्या जोडीसाठी मोकळे होतात.

मात्र या मध्यस्थाच्या दोन अटी आहेत. पहिली उष्णतेची. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियस तपमान झाल्याखेरीज भट्टी पेटत नाही. तोवर धूर जसा येतो तसाच बाहेर पडतो. दुसरी अट हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाची. एक भाग पेट्रोलाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखले तरच तिन्ही कामे एकाच वेळी नीट होतात. पेट्रोल अधिक झाले तर जाळायला प्राणवायू उरत नाही, आणि हवा अधिक झाली तर नत्राची ऑक्साइडे तशीच निसटतात. हे प्रमाण राखण्यासाठी धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. तो धुरातल्या प्राणवायूची वार्ता इंजिनाच्या संगणकाला क्षणोक्षणी कळवतो आणि संगणक पेट्रोल कमी-अधिक करतो. थोडक्यात, परिवर्तकाचे आरोग्य हे इंजिनाच्या आरोग्यावर अवलंबून आहे.

हा भाग मोटारीत आला तो लोकांच्या श्वासासाठी. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर साचणारे तपकिरी धुके हे मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नत्राची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनते, असे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. त्याच सुमारास, खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उत्प्रेरकाचा वापर करून नाव मिळवलेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी धूर शुद्ध करणार्‍या उत्प्रेरकावर काम केले. परंतु त्या काळच्या पेट्रोलात शिसे मिसळलेले असे, आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निष्प्राण होई. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शिसेविरहित पेट्रोल आले आणि १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत परिवर्तक सर्रास बसू लागले.

भारतात हा प्रवास न्यायालयातून झाला. दिल्लीच्या हवेविषयी वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. त्या कामकाजातून पुढे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. महानगराबाहेर मात्र पंपावर शिशाचेच पेट्रोल असे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारीने वाटेत टाकी भरली की परिवर्तकावर विषप्रयोग झालाच म्हणून समजावे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि ही विवंचना संपली. पुढे पेट्रोलातील गंधकही कमी होत गेले. भारत स्टेज तीनच्या पेट्रोलात दहा लाख भागांत १५० भागांपर्यंत गंधक चाले. स्टेज चारला ती मर्यादा ५० झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज सहाला ती अवघी १० आहे. इंधन सुधारले, आता परिवर्तकाचा शत्रू राहिला तो बहुतेक वेळा इंजिनातच.

परिवर्तक चार प्रकारांनी मरतो. पहिला प्रकार अतिउष्णतेचा. एखादा स्पार्क प्लग ठिणगी टाकीनासा झाला, कॉइल अधूनमधून दगा देऊ लागली किंवा इंजेक्टर गळू लागला, म्हणजे न जळलेले पेट्रोल थेट भट्टीत येऊन पडते आणि तेथे पेटते. तपमान हजार अंशांच्या पलीकडे गेले की धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात व त्यांचा पृष्ठभाग घटतो. आणखी वाढले तर पोळ्याचा ठोकळाच वितळून छिद्रे बुजतात. बॅटरी उतरलेली मोटार धक्का मारून चालू करण्याची जी आपल्याकडे सवय आहे, तीही याच कारणाने घातक आहे. प्रत्येक फसलेल्या धक्क्यागणिक थोडे कच्चे पेट्रोल पुढे सरकत असते. दुसरा प्रकार विषबाधेचा. जुन्या इंजिनाच्या पिस्टन-रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हची सिले गेली की ते ऑइल जाळू लागते. ऑइलमध्ये झीज थांबवण्यासाठी घातलेले फॉस्फरस व जस्त यांचा थर मग धातुकणांवर बसतो. हेडचे गॅस्केट फुटून रेडिएटरचे कूलंट आत शिरले तर त्याचाही असाच परिणाम होतो. तिसरा प्रकार आघाताचा. उंच गतिरोधकावर पोट घासणे, दगड लागणे, किंवा तापलेला डबा पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात एकदम बुडणे, यांनी आतला ठोकळा तडकतो. चौथा प्रकार केवळ वार्धक्याचा. उन्हातल्या रंगासारखा गुण हळूहळू उतरत जातो. पण नीट राखलेल्या इंजिनाबरोबर चांगला परिवर्तक लाखभर किलोमीटर सहज पार करतो. तो आधीच गेला, तर त्याला कोणी तरी मारले आहे असे समजून शोध घ्यावा.

बिघाडाची लक्षणे दोन गटांत मोडतात. छिद्रे बुजली असतील तर धुराला वाट मिळत नाही आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालते, पण चढावर किंवा वेग घेताना दम टाकते. पेट्रोल अधिक लागते. परिवर्तकाच्या बाजूने गाडीचा तळ तापतो. क्वचित इंजिन चालू होऊन लगेच बंद पडते. ठोकळा तडकला असेल तर खालून खडखड ऐकू येते. दुसर्‍या गटात छिद्रे मोकळी असतात, पण उत्प्रेरकाचा गुण गेलेला असतो. अशी गाडी अगदी सुरेख चालते आणि तिचा दोष केवळ यंत्रालाच दिसतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, अथवा प्रदूषण तपासणीत आकडा वर जातो. सडक्या अंड्याचा वास आला तर इंजिन पेट्रोल जास्त पीत असल्याचा संशय घ्यावा.

पण लक्षण म्हणजे निदान नव्हे. पिवळा दिवा लागला, संगणकाने ‘पी ०४२०’ हा संकेत दाखवला आणि मिस्त्रीने लगोलग नवा परिवर्तक सुचवला, असे वारंवार घडते. हा संकेत कसा निघतो, हे पाहिले म्हणजे घाईतला धोका कळेल. परिवर्तकाच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. पुढच्याचा विद्युत्‌दाब साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट यांदरम्यान सारखा झुलत असतो. परिवर्तक प्राणवायू साठवतो आणि पुरवतो. त्यामुळे मागच्याचा दाब जवळजवळ स्थिर असावा लागतो. तोही पुढच्यासारखाच झुलू लागला की संगणक परिवर्तकाला दोष देतो. परंतु दोन सेन्सरांमध्ये नळीला भेग पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, किंवा मागचा सेन्सरच बिघडला असेल, तरीही हाच दिवा लागतो. म्हणून आधी सांधे तपासावेत, मग दोन्ही सेन्सरांचे आलेख पाहावेत. पुष्कळ जुन्या मोटारींत मागचा सेन्सर नसतोच. तेथे इतर पुराव्यांवर भिस्त ठेवावी लागते.

कोंडलेल्या मार्गाची परीक्षा सोपी आहे. पुढचा सेन्सर काढून त्या छिद्रात दाबमापक बसवावा आणि इंजिन मिनिटाला अडीच हजार फेर्‍यांवर धरावे. वाट मोकळी असेल तर दाब नाममात्र राहतो. कोंडली असेल तर काटा चढत जातो. डबा पूर्ण गार झाल्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकला असता आत खुळखुळले तर ठोकळा फुटला, हे निश्चित. प्रदूषण तपासणीचा आकडाही उपयोगी आहे, मात्र त्याची मर्यादा ओळखावी. ही तपासणी गाडी उभी ठेवून होते आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. नत्राची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. तेव्हा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे परिवर्तक निरोगी, असे मानता येत नाही. तपासणी-केंद्रावर नेण्यापूर्वी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून भट्टी तापवावी. थंड परिवर्तकावर अपयशाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल.

निदान पक्के झाल्यावर उपचार. येथे मराठीतली एक जुनी म्हण आठवावी: आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ऑइल जाळणार्‍या इंजिनापुढे नवा परिवर्तक बसवणे हा त्यातलाच प्रकार होय. ज्या रोगाने जुना गेला, तोच रोग नव्याला काही महिन्यांत गाठतो आणि मालक मात्र ‘हे भागच हलके येतात’ म्हणून कपाळाला हात लावतो. म्हणून क्रम असा असावा: प्रथम प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि हवेचा फिल्टर यांची तपासणी, मग ऑइल व कूलंट कमी होत आहे काय याची नोंद, मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर मंदावला आहे काय याची परीक्षा. मोटारीला नंतर सी. एन. जी. चे किट बसवले असेल तर त्याचे मिश्रण आणि ठिणगी दोन्ही पारखून घ्यावीत. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. कारण केवळ काजळी धरलेला परिवर्तक, इंजिन सुधारल्यावर आणि गाडी महामार्गावर तासभर सलग चालल्यावर, स्वतःची काजळी स्वतः जाळतो. पेट्रोलात ओतायच्या औषधांची मजलही फार तर तेथपर्यंतच आहे. वितळलेला ठोकळा किंवा विषाचा थर बसलेला धातू कोणत्याही बाटलीने पूर्वपदाला येत नाही. डबा काढून जोरदार फवार्‍याने धुण्याने तर मौल्यवान लेपच निघून जाण्याची भीती असते.

बदलणे अटळ झाले तर भाग त्याच इंजिनासाठी आणि त्याच उत्सर्जन-मानकासाठी बनवलेला घ्यावा. स्वस्त भागात धातूचे प्रमाण कमी असते. तो डबा म्हणून बसतो, भट्टी म्हणून पेटत नाही. बसवताना बाणाची दिशा पाहावी, गॅस्केटे नवी घालावीत, आणि बसवण्यापूर्वीचा व नंतरचा धुराचा आकडा कागदावर मागून घ्यावा. काढलेला डबा टाकाऊ समजून सोडून देऊ नये. त्यातले धातू दक्षिण आफ्रिका व रशिया अशा मोजक्या देशांतूनच प्रामुख्याने येतात आणि ते पुन्हा वेगळे काढता येतात; म्हणून त्याला चांगली किंमत मिळते. याच कारणाने परिवर्तकांच्या चोर्‍या होतात, आणि दुरुस्तीला दिलेल्या गाडीतला ठोकळा परस्पर काढून घेतल्याचेही प्रकार घडतात. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून पाहिलेले बरे.

आता त्या सल्ल्याविषयी, जो जुन्या मोटारीच्या मालकाला हमखास मिळतो: ‘कॅट काढून टाका, आत पोकळ करा, गाडी हलकी पळेल.’ कोंडलेला परिवर्तक काढल्यावर गाडी पळते हे खरे. पण ती वाट मोकळी झाल्यामुळे, आणि तेवढी वाट चांगला परिवर्तकही देतो. निरोगी इंजिनात दोहोंमधला फरक जाणवण्याइतका नसतो. उलट, कापाकापी केलेल्या नळीचे सांधे गळू लागले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आतच येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनात मनमानी फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि हवेच्या प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारत स्टेज दोनच्या आधीच्या मोटारीला तपासणीत ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालत असे. स्टेज चारच्या मोटारीला ही मर्यादा ०.३ टक्के आहे. हा दहापट फरक परिवर्तकाखेरीज राखता येत नाही.

तरीही कायद्याची पोच मर्यादित आहे. चालत्या गाडीच्या पोटात वाकून पाहणारा निरीक्षक प्रत्येक चौकात असू शकत नाही, आणि सहा महिन्यांतून किंवा वर्षातून एकदा होणारी तपासणी उरलेल्या दिवसांची हमी देत नाही. शिवाय जुनी मोटार बहुधा त्या घरात असते, जेथे नवी घेण्याची ऐपत नसते. परिवर्तकाची किंमत कधी कधी गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करते. अशा वेळी हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. इंजिन धडधाकट असेल तर परिवर्तकावरचा खर्च आणखी कित्येक वर्षांवर वाटला जातो. इंजिनही थकले असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या मोडणी-केंद्राकडे गाडी देणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आणि दोन्हींचीही वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर वेळेवर बदललेला एक स्पार्क प्लग पुरतो. त्याची किंमत परिवर्तकाच्या मानाने नगण्य असते.

सार्वजनिक जीवनात अशा गोष्टी पुष्कळ आहेत, ज्यांची निगा राखणाराला प्रत्यक्ष लाभ दिसत नाही आणि हयगय करणाराला प्रत्यक्ष तोटा होत नाही. विहिरीचा कठडा, जिन्यातला दिवा, गटारावरचे झाकण ही त्यांची उदाहरणे. परिवर्तक त्याच मालिकेतला आहे. त्याची चाड बाळगणारा माणूस आपल्या गाडीमागून येणार्‍या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसाचा श्वास जपत असतो. आणि पुढच्या सिग्नलला तो स्वतःही दुसर्‍या कोणाच्या तरी मोटारीमागे उभा असतो.